परसातलं ग्रीनहाऊस, मुंबईच्या हवेत: सांगाडा, छत, जाळी, पाणी सगळं इथे बोलू

सोनटक्का
नमस्कार मंडळी. मुलुंड पश्चिमेला आमचं जुनं बैठं घर आहे, मागे साधारण १८ बाय ३० फुटांचा परस. त्यात १० बाय १६ चं ग्रीनहाऊस करायचं पक्कं केलंय. आईबाबा दोघंही बागेत रमणारे, पण पावसाळ्यात पालेभाजी सडते आणि मे महिन्यात ऑर्किडची पानं करपतात, ते बघून दोघंही हळहळतात. नेटवर बघायला गेलं तर बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले, काच, हीटर, घट्ट बंद होणारी दारं. इथला एक फॅब्रिकेटर येऊन माप घेऊन गेला, त्याने पॉलीकार्बोनेटची पूर्ण बंद खोली काढून दिलीय, एका बाजूला दार आणि वर एक एक्झॉस्ट फॅन. मला काही ते पटत नाहीये पण नक्की काय चुकतंय ते सांगता येत नाही. छत कशाचं, बाजू कशा, पाया किती खोल, पाणी कसं द्यायचं, आणि माकडांचं काय करायचं (नॅशनल पार्क जवळ, रोजचा त्रास) हे सगळं विचारायचंय. पावसाच्या आत उभं राहायला हवं.

पिंपळपान
ताई, त्या माणसाला ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबा. तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे.

थंड देशात ग्रीनहाऊस ऊब धरून ठेवायला बांधतात. मुंबईत ऊब पुरून उरते, इथे किमान तापमान १५ च्या खाली जाणं म्हणजे बातमी. आपल्याला दोनच कामं करून हवीत, पाऊस झाडांवर थेट पडू द्यायचा नाही आणि आतली गरम हवा साठू द्यायची नाही. म्हणजे छत चांगलं आणि बाजू उघड्या. बंद पॉलीकार्बोनेटच्या खोलीत मे महिन्यात दुपारी बाहेर ३४ असेल तर आत सहज ४५ च्या वर जाईल, आणि तो एकटा एक्झॉस्ट फॅन लाईट गेली की बंद. झाडं एका दुपारीत जातात.

बाजूंना खाली दीड-दोन फूट पक्कं, त्याच्या वर पूर्ण जाळी. छताच्या टोकाला गरम हवा निघायला फट हवीच. पॉलीहाऊसवाले (प्लास्टिक फिल्मच्या छताखाली शेती करणारे) करतात तसं छताचे दोन उतार एकाच उंचीवर भेटवायचे नाहीत, एक उतार दुसऱ्याच्या वर फूट-दीड फूट न्यायचा आणि मधे जी उभी फट राहते तिला जाळी मारायची. ही फट पूर्वेकडे तोंड करून ठेवा. आपला पाऊस नैऋत्येकडून, पश्चिमेकडून आडवा येतो, फट पश्चिमेला ठेवलीत तर जुलैत आतच धबधबा. लांब बाजू पूर्व-पश्चिमेला तोंड करून असतील तर दुपारचा खारा वारा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, फुकटात. पश्चिमेकडचं छत दीड-दोन फूट बाहेर काढा, पागोळ्या जाळीपासून लांब पडतील.

आणि उंची. बाजूला ८ फूट, टोकाला ११ फूट. उंची जास्त असली की गरम हवा डोक्याच्याही वर जाऊन बसते, झाडांपाशी नाही. १० फूट रुंदीत ३ फूट चढ म्हणजे उतार ३० अंशांच्या आसपास येतो, तेवढा हवाच, नाहीतर फिल्मवर पाण्याचे फुगे साठतात आणि एका रात्रीत फिल्म लोंबते.

नाशिककर_मळा
आमच्याकडे फॅन आणि पॅड लावतात, एका भिंतीला ओले पॅड, समोर मोठे फॅन. एप्रिलात फार उपयोग होतो. परवडत असेल तर बघा.

पिंपळपान
नाशिकला चालतं कारण हवा कोरडी. ओल्या पॅडमधून हवा गेली की पाणी वाफ होतं आणि त्यात उष्णता जाते, पण हवा आधीच ओली असली की वाफ होणार किती? ३८ डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगला पॅड हवा २४-२५ पर्यंत खाली आणतो. मुंबईत ३३ डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रतेला तोच पॅड जेमतेम ४-५ डिग्री उतरवतो आणि आत येणारी हवा इतकी दमट की बुरशीला आमंत्रण. फॉगरचंही (धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारे नोझल) तेच. डिसेंबर ते मार्च दुपारी हवा थोडी कोरडी असते तेव्हा ऑर्किड, अँथुरियमसाठी चार-दोन फॉगर ठीक, पण ते चांगले चालायला ४ बारच्या आसपास प्रेशर लागतं म्हणजे वेगळा पंप आला. ताईंनी तो पैसा सांगाड्यात घालावा असं माझं मत.

लेस्टरहून
इथे इंग्लंडात आमचं काचेचंच आहे, ॲल्युमिनियम फ्रेम, ८ बाय ६. मार्चात टोमॅटोची रोपं करायला त्याला तोड नाही. पण पिंपळपान म्हणतात ते मनापासून पटलं, इथेही जूनमध्ये ऊन पडलं की छताच्या खिडक्या, दार सगळं सताड उघडं ठेवावं लागतं, बाहेर २५ असतानाही. मुंबईत काच नकोच, शिवाय वादळात फुटली तर माणसाला इजा.

गच्चीबाग_दादर
छतासाठी फिल्म की पॉलीकार्बोनेट ते पण सांगा ना कोणीतरी. आणि ग्रीन नेट (सावलीची हिरवी जाळी) फिल्मच्या वर लावायची का खाली? माझ्या गच्चीवर खालून बांधलीय.

पिंपळपान
नेट वर, नेहमी वर. खालून बांधलेली नेट ऊन अडवते खरी पण अडवलेल्या उन्हाची उष्णता आतच सोडते, तापलेलं कापड झाडांच्या डोक्यावर. वरून बांधली आणि फिल्मच्या वर फूटभर मोकळी जागा ठेवली की ती उष्णता वाऱ्याबरोबर बाहेरच जाते. एवढाच बदल केलात तरी दुपारी हाताला फरक कळेल.

नेट सरकती ठेवा, वायररोपवर कड्या घालून, पडद्यासारखी. मुंबईचं ऊन वर्षभर एकसारखं नाही. मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर (१५ मेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो), तेव्हा भाजीला ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी) नेट आणि ऑर्किड, फर्न, अँथुरियमवर ७५ ची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरलेलं, तेव्हा नेट पूर्ण बाजूला, नाहीतर रोपं उजेडासाठी लांबट, फिकट होतात आणि लोक समजतात खत कमी पडलं. ऑक्टोबर हीटमध्ये परत ओढायची. डिसेंबर-जानेवारीत भाजीवरची काढून टाकायची.

फिल्म की पॉलीकार्बोनेट: २०० मायक्रॉनची यूव्ही स्टॅबिलाईज्ड फिल्म, पॉलीहाऊसवालीच, ३ वर्षांच्या आसपास टिकते, मग बदलायची. स्वस्त, हलकी, वादळाचा इशारा आला तर उतरवून ठेवता येते. ६ एमएमची ट्विनवॉल (दोन पदरांत पोकळ नळ्या असलेली) पॉलीकार्बोनेट जास्त टिकते पण यूव्ही थर असलेली बाजू वर येईल असं बघावं लागतं, आणि शीटच्या नळ्यांची तोंडं वरून ॲल्युमिनियम टेपने आणि खालून हवा जाणाऱ्या टेपने बंद केली नाहीत तर पहिल्या पावसाळ्यातच आत शेवाळ. ते नंतर निघत नाही. मी असतो तर फिल्म. पावसाळी दुकानांवर टाकतात ती निळी ताडपत्री मात्र नको, उजेडच येत नाही.

अजून एक, फिल्म जिथे पाईपला टेकते तिथे पाईप तापून ती लवकर जळते. पाईपच्या वरच्या अंगाला पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग मारा. आणि आत गंधकाची फवारणी टाळा, भुरीवर (पानांवरची पांढरी बुरशी) लोक मारतात, पण गंधकाने फिल्ममधला यूव्हीचा गुण मरतो.

खारा_वारा
वर्सोव्याहून लिहितेय. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी सांगाड्याचा विचार वेगळा करावा. आमच्या सोसायटीत एमएसचे (साध्या लोखंडाचे) पाईप वेल्डिंग करून रंगवलेले होते, जॉइंट-जॉइंटला गंज. वेल्डिंगने जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाईपवरचं झिंकही जळतं, गंज तिथूनच सुरू होतो. त्यामुळे हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) जीआय, पाईपची भिंत २ एमएम जाड, आणि वेल्डिंगऐवजी क्लॅम्प आणि नटबोल्ट. बोल्ट स्टेनलेसचे घ्या, समुद्रासमोर असाल तर ३१६ ग्रेडचे, ३०४ वरही इथे तांबूस डाग येतात. मुलुंडला एवढी खारी हवा नाही, पण बोल्टचा सांगाडा उद्या उकलता येतो हाही फायदा. नागदेवी-मस्जिद बंदर भागात पाईप, क्लॅम्प, वायररोप सगळं मिळतं, चालायची तयारी ठेवा.

सोनटक्का
खूपच कामाचं मिळतंय, वहीत उतरवून घेतेय. पाया किती लागेल? फॅब्रिकेटर म्हणाला हलकं आहे, फरशीत चार इंच बोल्ट मारून देतो.

पिंपळपान
हलकं आहे म्हणूनच पाया जड हवा. इथे पाया सांगाड्याचं वजन पेलायला नसतो, सांगाडा उडू नये म्हणून असतो.

हिशोब मांडतो. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. सेकंदाला जवळजवळ ३२ मीटर. त्या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६० किलो वजनाइतका होतो. तुमचं छत १५ चौरस मीटर, म्हणजे वर उचलणारा जोर ९०० किलोच्या घरात, आणि सगळा सांगाडा मिळून वजन त्याच्या पाव पण नाही. आता ८ खांब धरले तर प्रत्येकाला ११०-११५ किलो धरून ठेवणारं काहीतरी हवं. १ बाय १ फूट, २ फूट खोल काँक्रीटचं फूटिंग (खांबाखालचा ठोकळा) १३५ किलोच्या आसपास भरतं. हे अगदी कमीत कमी झालं, बाजू उघड्या असल्या की वारा आत शिरून छत आतूनही ढकलतो, आणि आयएस ८७५ मध्ये (बांधकामावरच्या भाराचं भारतीय मानक) मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेगच सेकंदाला ४४ मीटर धरलाय. म्हणून मी १५ इंच चौरस, २ फूट खोल सांगेन, ते २०० किलोच्या वर जातं. पाईपला खालच्या टोकाला आडवा गज घालून मग काँक्रीटमधे सोडा, नाहीतर नुसता पाईप उपसून येतो. कोपऱ्यांना तिरके ब्रेसिंग विसरू नका.

इतकं करूनही चक्रीवादळाचा इशारा आला तर फिल्म आणि नेट उतरवायची. प्रोफाईलमधे (पाईपवर बसवलेल्या खाचेच्या पट्टीत) झिगझॅग स्प्रिंग घालून फिल्म बसवली की दोन माणसं तासाभरात उतरवतात. खिळे आणि बॅटन मारले की ते जमत नाही.

गच्चीबाग_दादर
आणि गच्चीवर? आम्हाला खड्डा कुठला.

पिंपळपान
गच्चीवर ड्रिल अजिबात नको, ब्रिकबॅट कोब्याला (गळती रोखणाऱ्या विटांच्या तुकड्यांच्या थराला) भोक पडलं की खालच्या मजल्यावर गळती. छोटं ठेवा, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) उंचीच्या फार वर जाऊ नका, पॅरापेटच्या आतल्या अंगाला स्ट्रक्चरल इंजिनीयरला विचारून धरा. वजनाचंही बघा. येजा असलेल्या गच्चीला चौरस मीटरला १५० किलो एवढाच वापराचा भार धरलेला असतो, आणि ओली माती एका घनफुटाला ४५-५० किलो भरते. एक फूट खोल मातीचा वाफा केलात तर तिथेच मर्यादा तिपटीने ओलांडली. कोकोपीट-पर्लाइट-कंपोस्ट मिश्रण, उथळ ट्रे, आणि जड कुंड्या बीमवर, कॉलमपाशी.

वॉर्डातला_शेजारी
परवानगीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. स्वतःचं बैठं घर असलं तरी प्लॉटच्या कडेची मोकळी जागा सोडलेली असते, तिथे पक्कं बांधकाम चालत नाही. काँक्रीटचे खड्डे मारायच्या आधी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारून, लेखी अर्ज देऊन ठेवा. गच्चीवाल्यांनी सोसायटीचा ठराव घ्यावा, गच्ची सगळ्यांची असते. शेजाऱ्याकडे पागोळी पडू देऊ नका, निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आणि डास! बश्यांमधे, ड्रममधे साचलेलं पाणी आठवड्यात एकदा तरी पूर्ण रिकामं करून कोरडं करा, डासाची अंडी ते डास एवढा प्रवास साधारण आठवड्यात होतो. पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासायला येतात आणि त्यांना सहकार्य करावं, मलेरिया-डेंग्यू आपल्याच गल्लीत फिरतो.

सोनटक्का
हे बरं झालं सांगितलंत, पागोळीचा विचारच डोक्यात आला नव्हता. मग पन्हाळ लावून ते पाणी साठवता येईल का? आणि ड्रिपसाठी आमची टाकी घराच्या स्लॅबवर आहे, जमिनीपासून ४ मीटर असेल.

पिंपळपान
नक्की साठवा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे तुमच्या छतावर १०० मिलिमीटरच्या दिवशी १५०० लिटर पाणी पडतं, जुलैत असे दिवस येतातच. २०० लिटरचा ड्रम तर १३-१४ मिलिमीटरला भरतो. म्हणून ड्रमला वर ओव्हरफ्लो काढून तो घरामागच्या गटाराला किंवा शोषखड्ड्याला न्या. पन्हाळ ६ इंची घ्या, ४ इंची आपल्या सरींना पुरत नाही. ड्रमच्या तोंडाला बारीक जाळी, वर झाकण, डासांचं वर सांगितलंय तेच. हे पाणी ऑर्किडला सोनं आहे, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

टाकी ४ मीटरवर म्हणजे प्रेशर ०.४ बार. ड्रिपर १ बारला मोजलेले असतात, त्यामुळे तासाला ४ लिटरचा साधा ड्रिपर तुमच्याकडे तासाला अडीच लिटरच देईल, चालेल, वेळ वाढवा. प्रेशर कॉम्पेन्सेटिंगवाले (दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारे) घेऊ नका, त्यातले बरेच एवढ्या कमी दाबाला नीट उघडतच नाहीत. १६ एमएमची लॅटरल (ड्रिपर बसवायची नळी), टाकीखाली १२० मेशचा (इंचाला १२० भोकं) डिस्क फिल्टर, शेवटच्या टोकाला उघडता येणारं बूच, महिन्यातून एकदा उघडून गाळ सोडायचा. टायमर लावायचा तर बॅटरीवर चालणारा, शून्य प्रेशरला चालतो असं लिहिलेला. आत कुठलंही विजेचं कनेक्शन घेतलंत तर आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) लावूनच, ओल्या जागेत यात तडजोड नको.

परसदार
मंडळी कीडजाळीचं सांगा. बाजूंना ४० मेश की ५०?

खारा_वारा
पांढरी माशी अडवायला ४० मेश बऱ्यापैकी पुरते, फुलकिड्यांना ५० किंवा त्याहूनही बारीक लागते पण तिच्यातून वारा फारच कमी येतो. मुंबईत वारा जास्त महत्त्वाचा, मी ४० घेईन आणि आत पिवळे-निळे चिकट सापळे लावेन, पिवळ्यावर पांढरी माशी आणि मावा, निळ्यावर फुलकिडे. जाळी महिन्या-दोन महिन्यांनी धुवायला हवी, आपल्याकडची धूळ बसून भोकं बंद होतात.

पण लक्षात घ्या, जाळीने मधमाश्याही अडतात. भोपळा, कारलं आत लावलंत तर सकाळी, आणि दुधीला संध्याकाळी, हाताने परागीभवन करावं लागेल. टोमॅटोला माशी नसली तरी चालतं, दहा-अकराच्या सुमारास घोस हलकेच हलवायचे. काकडी हवी असेल तर पार्थेनोकार्पिक जातीचं बी मागा, तिला परागीभवन लागतच नाही.

आणि छताखाली पाऊस पडत नाही त्यामुळे लाल कोळी वाढतो, बाहेर पावसाने धुऊन जातो तो आत मजेत राहतो. आठवड्याला पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं सुकतात.

सोनटक्का
आईला टोमॅटो हवेत, वर्षभर. होतील का?

पिंपळपान
वर्षभर नाही होणार, आईंना आत्ताच सांगून ठेवा. रात्रीचं तापमान २४ च्या वर राहिलं की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही, आणि मुंबईत एप्रिलपासून रात्री २५-२७ असतात. छताने ते बदलत नाही. सप्टेंबर अखेरीस रोपं टाका, ऑक्टोबर शेवटी लावा, जानेवारी ते मार्च भरपूर खा. पावसाळ्यात तीच जागा पालक, माठ, कोथिंबिरीला द्या. बाहेर सरी झोडपून काढतात तेव्हा छताखाली स्वच्छ पानं मिळतात, आणि मला विचाराल तर मुंबईतल्या ग्रीनहाऊसचं खरं सुख हे आहे, जुलैत घरची कोथिंबीर. एप्रिल-मेमध्ये एक भाग रिकामा ठेवून माती उन्हात तापवा, बाकीच्यात ऑर्किड सांभाळा.

परसाच्या दक्षिणेला उंच इमारत आहे का? डिसेंबरात भर दुपारी सूर्य आपल्याकडे ४७ अंशांवरच असतो, १२ मीटर उंच इमारतीची सावली ११ मीटर पडते. तसं असेल तर टोमॅटोची जागा उत्तरेकडच्या टोकाला, दक्षिणेला ऑर्किड.

सोनटक्का
आहे, चार मजली, कुंपणाला लागूनच! मग ग्रीनहाऊसच परसाच्या उत्तर टोकाला सरकवते. आणि माकडं?

डोंगरपायथा
बोरिवलीला आम्ही नेटच्या पडद्याची जी वरची फ्रेम आहे तीच मजबूत केली आणि तिला २ इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) मारली. माकड जाळीवर बसतं, फिल्मला त्याचा भार लागत नाही. नेट त्या मेशच्या खालून सरकते. बाजूंनाही खालचे चार फूट वेल्डमेश, ती जमिनीत फूटभर पुरा, घुशी पोखरून येतात त्यांनाही आळा बसतो, मात्र त्या पुरलेल्या भागाला अर्ध्या इंचाची जाळी हवी. दाराला आतूनबाहेरून लागणारी कडी, नुसती खिट्टी माकडं उघडतात. आत पिकलेली फळं टांगती दिसू देऊ नका, केळी तर जवळपास नकोच. जोत्याची उंची मात्र नऊ इंच तरी घ्या, आमच्या इथे डोंगरावरून पाणी येतं तेव्हा परसात घोटाभर साचतं. आतली वाट फरशीची न करता तणरोधक कापडावर खडी टाका, पाणी मुरतं.

सोनटक्का
मेशचं खर्चात धरते. जोतं नऊ इंच, वाफे दीड फुटांचे, म्हणजे बाबांना वाकावंही लागणार नाही. आता शेवटचं, कामाचा क्रम कसा ठेवू? मार्च संपत आला.

पिंपळपान
वॉर्डात अर्ज आधी. तिकडचं झालं की फूटिंग, मग काँक्रीटला आठवडाभर पाणी मारा, सांगाडा त्यानंतर चढवा. वरची फ्रेम, मेश आणि नेट एप्रिलमधेच लागू द्या, मेच्या उन्हात तेवढ्यानेही ऑर्किड वाचतील. फिल्म घाईने बसवू नका, मे अखेर बसवा, कारण वादळं मेमधे येतात आणि मान्सून आपल्याकडे ११ जूनच्या आसपास. पन्हाळ फिल्मच्या आधी, नंतर हात पोचत नाही.

फिल्म ताणायला सकाळी नऊ-दहाची वेळ धरा, ऊन बऱ्यापैकी चढलेलं आणि समुद्राकडचा वारा अजून सुटलेला नाही. अगदी पहाटे गारव्यात ताणली तर दुपारी तापून सैल पडते आणि फडफडून स्प्रिंगपाशी फाटते. चार माणसं लागतील, दोन्ही बाजूंना दोन-दोन. आधी पश्चिमेची कड पक्की करा, मग पूर्वेकडून ओढा.

सोनटक्का
चौघं आम्ही घरचेच आहोत. अर्ज उद्याच नेऊन देते, पाईपची यादी करून इथे टाकते, खारा_वारा ताई, बोल्टचे साईज एकदा तपासून द्याल का?

खारा_वारा
टाक ना, बघते. पाईपचा बाहेरचा व्यास नक्की लिही, क्लॅम्प त्यावरच ठरतो, आणि दुकानदार इंचात सांगतो तो व्यास बाहेरचा नसतो, तेव्हा दुकानातच कॅलिपर लावून मोजून घे.